मुराळी

माझ्या चित्रांचं प्रदर्शन कुठेही असो, कुणीतरी एक तोच प्रश्न विचारतं. चित्रात डोह असतो, शेंदूर फासलेले दगड असतात, बोहाड्यातली सोंगं असतात आणि मधोमध एक बाई असते. तिच्या भुवया कोरलेल्या, केसांचा उंच अंबाडा, डोळ्यांत सिनेमाच्या बोर्डावरची चमक. "आदिवासी परंपरेत ही सिनेमाची नटी कशी काय आली?" असं विचारतात. मला आधी रागच येतो. सिनेमाला आमच्या वाडीत यायला काय बंदी होती? आम्हीही तंबूत बसून शिट्ट्या मारल्या आहेत. पण राग गिळून मी काहीतरी ठोकून देतो, आणि विचारणारे ते वहीत लिहून घेतात. खरं उत्तर लांबचं आहे आणि उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

आमची वाडी अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. आम्ही ठाकर. सोंगं, म्हणजे मुखवटे, करायचं काम माझ्या चुलत्याकडे होतं. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा उन्हाळ्यातला उत्सव. देवांचे आणि राक्षसांचे कागदी मुखवटे चढवायचे आणि संबळाच्या तालावर नाचायचं. ज्या घराकडे ज्या सोंगाचा मान, त्या घराने ते सोंग नाचवायचं. एकदा मुखवटा चढला की खालचा माणूस संपला. त्याला नावाने हाक मारायची नाही आणि त्यानेही तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नियम आमच्या अंगात लहानपणीच भिनतो. सख्खा बाप भस्मासुर होऊन समोर आला तरी पोरं त्याला बाप म्हणत नाहीत, चड्डी सावरत पळतात.

माझा बाप मी लहान असतानाच गेला होता. घरात आई, मी आणि माझ्याहून धाकटी बहीण. मी तालुक्याच्या गावी बोर्डिंगात शिकत होतो, तेव्हा एका आखाडात ती डोहात गेली. आमच्या वाडीखाली नदीला एक डोह आहे, काळा, कधी न आटणारा. काठावर साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, शेंदरी दगड. ती आईबरोबर धुणं धुवायला गेली होती. आई पिळे वाळत घालायला वळली आणि परत येऊन पाहते तर दगडावर अर्धवट धुतलेला परकर तेवढा होता. माणसांनी बरेच दिवस डोह ढवळला. काही सापडलं नाही. मग वाडीने ठरवून टाकलं की आसरांनी नेली. कुवार पोर पाण्यात गेली आणि परत दिसली नाही, की ती आसरांची होते, त्यांच्यातच राहते, असं आमच्याकडे मानतात. मला निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

आई रडली नाही असं नाही. पण पोरगी मेली असं ती कधी म्हणाली नाही. गेली, एवढंच म्हणायची. दर आखाडात ती आठवडी बाजारात कासारापुढे बसायची आणि डोहात सोडायला हिरव्या बांगड्या घ्यायची. कासार विचारायचा, "कुनाच्या हाताला?" आई अंगठा आणि बोट जुळवून माप दाखवायची. पहिल्या वर्षी ते कडं इवलंसं होतं. पुढच्या वर्षी थोडं मोठं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी मोठं. एकदा कासार म्हणाला, "पोर लई वाढाया लागली की."

"व्हय," आई म्हणाली. "आता जुना परकर पुरत न्हाई तिला."

मी शेजारीच उभा होतो. मला राग आला. आईचा आला, कासाराचा आला की पाण्याचा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

शाळा काही माझ्याने पुरी झाली नाही. चुलत्याच्या हाताखाली रंगाची सवय लागली होती, तेवढ्या भांडवलावर मी नगरला गेलो आणि एका पेंटरकडे राहिलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ते एका टॉकीजचे बोर्ड रंगवायचे. टॉकीजच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे कापड ताणायचं, खडूची पूड आणि सरस फासून त्याला अस्तर द्यायचं, सिनेमावाल्यांनी धाडलेल्या फोटोवर चौकटी आखायच्या, कापडावर मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. आधी मी नुसती अक्षरं भरली. मग नटांचे कोट आले, मग व्हिलनची तोंडं. व्हिलन मला झकास जमायचा. राक्षस रंगवायचं काम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गालावर निळा-हिरवा फटकारा मारायची आमची तऱ्हा मी बोर्डावर आणली, तर उस्ताद खूश. "बेटा, हे कुठं शिकलास?" म्हणाले. मी म्हणालो, "आमच्या भस्मासुरावर."

नटीचं तोंड मात्र ते कुणाला देत नसत. ते मला मिळायला फार वर्षं लागली. त्या काळात एकच नटी आलटून पालटून दर दुसऱ्या सिनेमात असायची. तिला मी इतक्यांदा काढलं की पुढे पुढे चौकटीही आखाव्या लागेनात. टॉकीजला ती, घोडेगावच्या बाजाराला तंबू लागला की तिथे ती, शेवगावच्या जत्रेत ती. सिनेमा उतरला की तेच कापड खाली घ्यायचं, त्यावर पुन्हा पांढरं फासायचं आणि नवा सिनेमा काढायचा. जिवंत डोळ्यांवर असं पांढरं फासताना सुरुवातीला हात अडतो. मग सवय होते.

बाहत्तरला पाऊस आला नाही. पुढचा उन्हाळा कसा गेला ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. नगरात होतो तोवर मला त्याची झळ नळाच्या रांगेइतकीच होती. बोहाड्याच्या आधी चुलत्याचा निरोप आला की जुनी सोंगं वाळवीने खाल्ली आहेत, कागद घेऊन ये. मी टॉकीजच्या शेडमधली सिनेमाची जुनी पोस्टरं पोत्यात भरली आणि संगमनेरला एस्टी बदलून घरी गेलो.

वाडीत पोचलो तर डोह आटला होता.

हे वाक्य मी लिहिलं, पण त्यात काय होतं ते येत नाही. डोहाचा तळ आम्ही कधी पाहिलेला नव्हता, पाणी वरूनच पाहायचो. आता तिथे खडकांचा एक खड्डा होता आणि त्यात भेगाळलेला गाळ. बायका तळाशी उतरून झिरा खणत होत्या, वाटीवाटीने पाणी भरत होत्या. मी आलो त्याच दिवशी एका बाईच्या हाताला कपारीत बांगड्या लागल्या. तिने हाक मारली. वाडीतली सगळी माणसं काठावर जमली. पण आईला कुणी बोलवायला गेलं नाही. ती आपणहून आली आणि खाली उतरली.

मी तिच्या मागोमाग उतरलो. कपारीत गाळात रुतलेल्या बांगड्याच बांगड्या होत्या. बऱ्याच फुटल्या होत्या, काही साबूत होत्या, लहान, त्याहून मोठ्या, त्याहून मोठ्या. आणखी काही नव्हतं. हाडूक नव्हतं, दात नव्हता. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, इतक्या वर्षांत बहिणीने एकही हातात घातली नाही. अंगावर सरसरून काटा आला. कारण तोवर, सिनेमाचे बोर्ड रंगवणारा मी शहाणासुद्धा, कुठेतरी धरून चाललो होतो की ती त्या बांगड्या घालते.

आई मात्र ओंजळीत बांगड्या घेऊन म्हणाली, "बघ, समद्या जपून ठेवल्यात पोरीनं."

त्या संध्याकाळी आमच्या वाट्याच्या हंड्यातलं पाणी घेऊन तिने त्या बांगड्या धुतल्या. प्यायचं पाणी. धुता धुता तिने विचारलं, "पानी गेलं. आता ती ऱ्हाती कुठं?"

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ती तेच विचारत राहिली, भाकरी थापताना, सरपण मोडताना. बाहेर कावळा बसला तरी दार उघडून बघायची. आडोशाला सावली हलली की म्हणायची, "कोन हाय?" आणि अशा आवाजात म्हणायची, की मीही वळून बघायचो. पोरगी बेघर झाली आहे आणि घराभोवती फिरते आहे, दार सापडत नाही म्हणून आत येत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिने जेवण टाकलं. ही बाई अशीच पोरीच्या मागे जाणार, असं मला स्वच्छ दिसू लागलं आणि मी घाबरलो.

शेवटी ती चुलत्याकडे गेली. "भावजी, बोहाड्यात आसरेचं सोंग काढा. माझ्या पोरीला टेकाया एक तोंड द्या."

चुलता उखडला. "वैनी, सोंग म्हंजे काय भावली हाय व्हय? आपल्या बोहाड्यात आसरेचं सोंग कदी नव्हतं. मान कुनाचा? नाचवील कोन?"

"ह्यो नाचवील," आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "सख्खा भाऊ हाय. दुसऱ्या कुनाचा मान आसंल?"

चुलता बराच वेळ तंबाखू मळत बसला. पंचांना विचारून आला. त्या साली पाण्यासाठी कुणालाही काहीही कबूल करायला वाडी तयार होती. आसरांना सोंग दिलं तर त्या खूश होऊन पाणी धाडतील, असं पंचांनी धरलं. पण चुलत्याने एक अट घातली. आसरेचं सोंग बाकीच्या सोंगांसारखं माळ्यावर ठेवायचं नाही. पाण्याची वस्तू आहे, डोहाला पाणी आलं की पाण्याला द्यायची. आई म्हणाली, "बरं."

मी पोत्यातली पोस्टरं भिजत घातली. एरवी सोंगाला रद्दी लागते, ती कुठूनही यायची. यंदा कढईत नट-नट्या कुजत होत्या. चुलता लगदा कांडता कांडता म्हणाला, "ह्या बायांची लाज तरी झाक रं." मातीच्या साच्यावर लगदा थापला, वरून चिंचोक्याच्या खळीने कागदाच्या पट्ट्या डकवल्या. वाळल्यावर सोंग साच्यावरून सोडवलं, तर आतल्या बाजूला एका पट्टीवर कुणा नटाची अर्धी मिशी उमटली होती. आम्ही दोघे हसलो. त्या दिवसांतलं तेवढंच हसू मला आठवतं.

मग रंगवायला बसलो, आणि बसूनच राहिलो.

बहिणीचा चेहरा मला आठवत नव्हता. तिचा फोटो नव्हता. आमच्याकडे कुणाचाच फोटो नव्हता. परकराचा रंग आठवत होता, नाक ओढायची सवय आठवत होती, ती चिडली की पायाच्या अंगठ्याने माती उकरायची ते आठवत होतं. तोंड नाही. मी डोळे मिटून बसलो की बोर्डावरची नटी यायची, इतकी स्वच्छ, की तिची पापणीन् पापणी मोजावी. मी आईला सांगून टाकलं, "आये, मला तिचं तोंड आठवत न्हाई."

मला वाटलं होतं, ती मोडून पडेल. ती माझ्याकडे अशा नजरेने बघू लागली, जणू मीच काही खुळ्यासारखं बोललो. "आठवायचं कशाला? तवाचं तोंड आता ऱ्हायलं आसंल व्हय? एवढ्या वर्सांत बाई झाली आसंल ती. तू आताचं तोंड काढ."

म्हणजे मला कुणीच कधी न पाहिलेला चेहरा काढायचा होता. मोठी झालेली बहीण. मी ब्रश उचलला, आणि हात त्याच्या सवयीने चालत गेला. लांब डोळे, कोरलेल्या भुवया, ओठांच्या कडेला हसू, हनुवटीखाली निळी सावली. मी थांबवायचा प्रयत्न केला. कपाळावर आमच्या बायकांचं गोंदण काढलं, नाकात मुरनी काढली, गालाला बोहाड्यातला हिरवा फटकारा दिला. तरी ती तीच होती. उस्तादांनी पाहिलं असतं तर सिनेमाचं नाव सांगितलं असतं.

आई पाटी घेऊन आत आली आणि दारातच थबकली. मी मान खाली घातली.

"आशीच झाली आसती," ती म्हणाली. मग जवळ येऊन सोंगाच्या गालाला बोट न लावता तिने त्याच्या भोवतीने हात फिरवला. "आशीच झालीया."

बोहाड्यात सगळी सोंगं नाचून झाल्यावर, उजाडता उजाडता माझी पाळी आली. आईचं लुगडं नेसून, हातात डोहातून निघालेल्या साबूत बांगड्या घालून मी मुखवटा चढवला. आत चिंचोक्याचा आंबूस वास होता आणि माझाच श्वास कानात घुमत होता. संबळ वाजायला लागला. मी मांडवात उतरलो. दोन भोकांतून दिसत होतं तेवढंच जग. माणसं मागे सरत होती. कालपर्यंत माझ्या खांद्यावर हात टाकणारे माझे मित्र नजर चुकवत होते. आणि मग समोर आई आली.

तिच्या हातात ओवाळायचं ताट होतं. तिने ओवाळलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यात माझ्याकडे तिने तसं कधी बघितलं नव्हतं. नंतरही कधी बघितलं नाही. तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती हसत होती. "किती मोठी झालीस गं बये," ती म्हणाली. "दमलीस का चालून? आता घरला चल. तुझं घर हाय."

सोंगाने बोलायचं नसतं. मी बोललो नाही. मला बोलायचं होतं का, तेही माहीत नाही. मुखवट्याच्या आत माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायला हात पोचत नव्हता. भीतीही वाटत होती, फार भीती. कारण त्या क्षणी मला माझं नाव आठवत नव्हतं. माझ्या मनगटावर त्या बांगड्या होत्या आणि त्या मला बरोब्बर बसत होत्या.

बोहाडा संपला. सोंग आमच्या घरात भिंतीला राहिलं. आई जेवू लागली. दाराकडे बघायची थांबली, कारण पोरगी आत आली होती. तिच्यासमोर ती निवडणं करायची, वाडीतल्या भानगडी सांगायची. मी नगरला परत गेलो.

आणि मग बोर्ड बिघडू लागले. मी तीच नटी काढायचो, तसाच अंबाडा, तशाच भुवया. पण टॉकीजचा मॅनेजर शेडमध्ये येऊन कुरकुर करू लागला. ही ती वाटत नाही, लोक विचारतात ही नवी बाई कोण. उस्तादांनी बोर्डाखाली उभं राहून निरखून पाहिलं. "बेटा, नाक तिचं आहे, डोळे तिचे आहेत. पण ही पडद्यावरून बघत नाही. ही आपल्याला ओळखते." त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, फक्त त्या बोर्डावर पांढरं फासायचं काम मला दिलं नाही. ते स्वतः फासायचे आणि मी तेव्हा चहाला जायचो. भला माणूस होता.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, डोह भरला. मला धास्ती होती की आई सोंग द्यायची नाही. चुलत्याचाही तोच निरोप होता, की येऊन तुझ्या आईला समजाव. मी तयारीनिशी गेलो. एस्टीत बसून काय बोलायचं ते मनाशी घोकलं. घरी पोचलो तर आईने सोंगाला नवं खणाचं कापड घातलं होतं, शेजारी ओटीचं सामान मांडलं होतं, तांदूळ, नारळ, हळकुंड. कासाराकडून तिने त्या साली चुडा आणला होता, लग्नात भरतात तसा.

"वयात आलेली लेक घरात ठेवायची नसती," ती म्हणाली. "तिला धाडाया पायजे. पानी आलं, तिचं घर झालं. तू मुराळी हो."

मुराळी म्हणजे माहेरचा माणूस. लेकीला सासरी पोचवणारा आणि सणाला तिला आणायला जाणारा. भाऊच जातो बहुतेक. मी सगळं घोकलेलं विसरलो आणि "बरं" म्हणालो.

आई डोहापर्यंत आलीच नाही. लेकीची आई वेशीपर्यंतच येते. ती तिथे उभी राहून रडली, मोठ्याने, ऊर बडवून, जशा बाया पोरी सासरी जाताना रडतात तशी. त्या पहिल्या आखाडातही ती अशी रडली नव्हती. मी सोंग छातीशी धरून खाली उतरलो आणि पाण्यावर ठेवलं. ते लगेच बुडालं नाही. वर तोंड करून फिरत राहिलं. मग गालाचा रंग सुटला, एक बाजू मऊ पडली, आणि आत पाणी शिरलं. तेव्हा ते उलटं झालं आणि मला ती अर्धी मिशी दिसली. मग काही दिसलं नाही.

दिवाळीला मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आईने पिशवीत शेव-चकल्या भरून माझ्या हातात दिल्या. "निघ. अंधार पडायच्या आत घेऊन ये."

मी डोहावर जाऊन बसलो. बिडी ओढली. पाणी स्थिर होतं, वर पानं तरंगत होती. मी पोट भरायला सिनेमाचे बोर्ड रंगवणारा गडी, आणि पाण्याला चकल्या दाखवत बसलो होतो. मला हसू आलं आणि ते हसू मध्येच फाटलं. मी तिला नावाने हाक मारली. इतक्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. समोरच्या कड्यावरून ते परत आलं, तेवढंच. पिशवी आसरांच्या दगडापाशी ठेवून मी उठलो.

घरी पोचलो तर दारात पाय धुवायला पाण्याचे दोन तांबे ठेवले होते. आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. तिचा हात हळूहळू खाली आला आणि तिचं तोंड त्या उन्हाळ्यातल्यासारखं होऊ लागलं.

"धाडत न्हाईत म्हनले," मी म्हणालो. कुठून आलं ते मला माहीत नाही. "सासूचं दुखतंय. औंदा न्हाई जमायचं."

आई भडकली. "दुखतंय! सनासुदीलाच बरं दुखतंय! लेक दिली म्हंजे काय इकली व्हय? मानसं हायत का कोन हायत!" ती बोलतच सुटली. शेजारच्या दोघी-तिघी बायका ऐकून बाहेर आल्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग त्याही जोडीला बोलू लागल्या, आपापल्या लेकींच्या सासवांबद्दल. आईने तो दुसरा तांब्याही माझ्याच पायांवर ओतला. "लई चालून आलास," म्हणाली.

त्यानंतर दर दिवाळीला मी मुराळी झालो आणि दर दिवाळीला कारण घेऊन परतलो. कधी भातकापणी, कधी दिराचं लग्न. आई चिडायची, बोलायची, जेवायची, झोपायची. कारणं संपत आली तेव्हा एका वर्षी माझ्या तोंडून गेलं, "तिला दिवस गेलेत. एवढ्या वाटेनं कशी धाडतील?"

आई त्या वर्षी चिडली नाही. वर्षभर जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवत बसली. पुढच्या दिवाळीला मी डोहावरून परत आलो, तर पाय धुवायच्या आधीच तिने विचारलं, "काय झालं?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी तांब्या उचलला आणि पायावर पाणी ओतू लागलो.

"मुलगी," मी म्हणालो.

"कुनावर गेलीया?"

"आईवर."

आई हसली. मग जरा विचारात पडली. तिने उजवा हात पुढे केला, अंगठा आणि बोट जुळवलं आणि ते कडं हळूहळू लहान करत नेलं, इवलंसं होईपर्यंत. "एवढी आसंल?" तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "तेवढीच."

पुढच्या बाजाराला ती कासारापुढे बसली, आणि कासाराने विचारल्यावर तेच माप धरलं.